वाळूमाशीच्या प्रदेशात जाण्याआधी

डासांचा बंदोबस्त झाला की वाळूमाशीचाही झाला, असं समजून बॅग बंद करू नका. सँडफ्लाय म्हणतात ती ही माशी जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरची, डासाच्या साधारण एक तृतीयांश. उडताना आवाज करत नाही, त्यामुळे कानाशी गुणगुण ऐकून सावध होण्याची सोय नाही. चावते फक्त मादी, तीही मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, आणि तिच्या चाव्यातून लिश्मानिया हा परजीवी अंगात शिरतो.

आधी कुठे जाताय ते नीट पाहा. अफगाणिस्तान, इराण, सीरिया, अल्जीरिया, कोलंबिया इथे या परजीवीच्या आजाराचा त्वचेवर व्रण उठवणारा प्रकार आढळतो. बिहार, झारखंड, सुदान, इथिओपिया इथे काळा आजार, म्हणजे प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जेत ठाण मांडणारा. उपचार झाले नाहीत तर तो बहुतेकदा जीव घेतो. ब्राझीलमध्ये दोन्ही. माणसासाठी लस नाही, मलेरियासाठी असते तशी आधीपासून घ्यायची गोळीही नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलाच.

सामानात सर्वांत महत्त्वाची मच्छरदाणी, आणि चूकही बहुधा तिथेच होते. साध्या जाळीतून ही माशी आरामात आत येते. बारीक विणीची आणि परमेथ्रिनसारखं कीटकनाशक लावलेली जाळी घ्या. उजेडात धरून भोकं, उसवलेली शिवण तपासा, कडा गादीखाली खोचता येतील एवढी ती मोठी हवी. बारीक जाळीत उकडतं हे खरं. म्हणून वीज असेल तिथे पंखा मागून घ्या. वाळूमाशी उडण्यात फार कमकुवत असते, पंख्याच्या झोतात तिला धड उडता येत नाही. खोली निवडता आली तर वरच्या मजल्यावरची घ्या, कारण ती सहसा जमिनीलगतच राहते.

पूर्ण बाह्यांचे शर्ट, लांब पँट, पायमोजे. परमेथ्रिन कपड्यांवर मारायचं, त्वचेवर नाही. त्वचेसाठी डीट किंवा पिकारिडिन हे कीटक पळवणारं रसायन असलेलं क्रीम; घोट्यांना आणि बाहीच्या टोकालाही लावा, सनस्क्रीन वापरत असाल तर आधी ते, मग हे.

मुक्कामाची जागा ठरवताना साचलेलं पाणी शोधत बसू नका. डासासारखी ही पाण्यात वाढत नाही. गोठ्याची ओलसर शेणमिश्रित माती, भिंतींच्या भेगा, उंदरांची बिळं, झाडांच्या ढोल्या ही तिची ठिकाणं, तंबू त्यांच्यापासून लांब ठोका. कुत्रा सोबत नेणार असाल तर त्याच्यासाठी डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचा गळ्यातला पट्टा घ्या. काही प्रदेशांत परजीवीचा साठा कुत्र्यांतच असतो.

शेवटची तयारी परतल्यानंतरची, ती आत्ताच करा. वहीत गावांची नावं आणि मुक्कामाच्या तारखा लिहून ठेवा. त्वचेवरचा व्रण काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उठतो, अनेकदा दुखत नाही आणि भरतही नाही. काळा आजार साधारण 2 ते 6 महिन्यांनी डोकं वर काढतो, क्वचित वर्षांनी. तोवर प्रवास विसरलेला असतो. दोन आठवड्यांहून जास्त ताप, वजन घटणं, डाव्या बरगडीखाली जडपणा यांपैकी काही जाणवलं तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारण्याची वाट न पाहता कुठे राहिला होतात ते सांगा.