स्टॉक कार रेसिंगमध्ये यायचंय? बक्षिसाचा तक्ता खालून वाचायला शिका

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की पुण्या-कोल्हापूरच्या मुलांचे मेसेज सुरू होतात. कुणी कॉलेजात बाहा या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बनवलेली असते, कुणी फॉर्म्युला भारत या तशाच रेसिंग स्पर्धेसाठी गाडी ट्रकात घालून कोइंबतूरच्या कारी स्पीडवेपर्यंत नेलेली असते. आता अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटच्या युनिव्हर्सिटीत एमएसला आलेत, आणि प्रश्न ठरलेला: "दादा, नॅस्कारच्या टीममध्ये शिरायचं कसं?"

(स्टॉक कार म्हणजे दिसायला साध्या मोटारीसारखी रेसची गाडी, आणि नॅस्कार ही त्यांच्या शर्यती भरवणारी अमेरिकेतली मुख्य संस्था.) माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही. शार्लटजवळच्या मुअर्सव्हिलमध्ये मोठ्या टीमची वर्कशॉप आहेत, त्या शॉपना रेझ्युमे पाठवायचे तर खुशाल पाठवा, पण आधी एखाद्या शनिवारी हिकरीला जा. १९५१ पासून चालू असलेला छोटा ट्रॅक आहे, शार्लटहून गाडीने तासा-सव्वा तासावर. तिथल्या एखाद्या फाटक्या टीमचे टायर धुवा, आणि रात्री कोणत्या नंबरला किती पैसे हा बक्षिसाचा तक्ता हातात आला की तो खालून वर वाचा.

खालून का, ते शनिवारच्या खर्चावरून कळेल. लेट मॉडेल स्टॉक ही कॅरोलिना-व्हर्जिनियाकडची मुख्य लोकल गाडी. लोखंडी पाइपचा सांगाडा, त्यावर हलकी बॉडी, हेडलाइटसुद्धा स्टिकरचे. मी ज्या टीमबरोबर उभा असतो तिथे खर्चाची वही माझ्याकडे असते (इंजिनिअर आहे म्हणून नव्हे, अक्षर बरं आहे म्हणून). साधी रात्र घ्या. नवे टायर, ट्रॅकच्या नियमात बसतील तेवढे, दोन ते चार. एकेक दोनशे डॉलरच्या आगेमागे. ११० ऑक्टेनचं रेसिंगचं पेट्रोल, पंपावरच्या तिप्पट-चौपट भावाचं. ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचं डिझेल. शिवाय पिटमध्ये, म्हणजे टीम गाडीवर काम करतात त्या जागेत, शिरणाऱ्या प्रत्येकाचा पास, तीस-चाळीस डॉलर. पाच-सहा माणसं आली की दोनशे तिथेच गेले. हिरवा झेंडा पडायच्या आधीच हजार-बाराशे उडालेले असतात, आणि यात ब्रेक, इंजिनाची झीज, भिंतीला घासलेली बॉडी धरलेलीच नाही.

आता आवक. साध्या शनिवारी जिंकलात तर हजार ते दीड हजार. दहाव्या नंबरला अडीचशे-तीनशे. म्हणजे जिंकणारा कसाबसा बरोबरीत सुटतो आणि दहावा स्वतःच्या खिशातून लोकांची करमणूक करतो. पोस्टरवर आकडा छापतात तो पहिल्या नंबरचा. तुम्ही मात्र ज्या टीमला जाऊन मिळणार ती बहुतेक रात्री सहावी, नववी, चौदावी येणार, आणि तुमचा पुढचा शनिवार त्या ओळीतल्या आकड्यावर ठरणार. आमच्या कोल्हापूरकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांसारखंच आहे हे. शेवटच्या जोडीचं इनाम मोठ्या अक्षरात झळकतं, पण पैलवान तालमीत टिकतो तो त्याचा खुराक कोण पुरवतंय त्यावर.

मागचं थोडं सांगतो, म्हणजे घसरण किती ते कळेल. १९ जून १९४९ ला शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर नॅस्कारची पहिली स्ट्रिक्टली स्टॉक शर्यत झाली. पहिला आलेला ग्लेन डनवे मागच्या स्प्रिंगमधला फेरफार सापडल्यामुळे बाद झाला आणि कॅन्ससचा जिम रोपर विजेता ठरला. बक्षीस २,००० डॉलर. महागाई धरली तर आजचे पंचवीस हजारांच्या वर. ती वरच्या दर्जाची शर्यत होती, दर शनिवारची नव्हे, हे कबूल. पण आज कित्येक ट्रॅकवर शनिवारच्या विजेत्याला नुसत्या आकड्यानेही २,००० मिळत नाहीत. पिटमधले म्हातारे सांगतात की ऐंशीच्या दशकातही हजारच मिळायचे, फक्त तेव्हा त्यात टायर, पेट्रोल, सगळ्यांचं जेवण भागून वर पैसे उरायचे. म्हाताऱ्यांच्या आठवणींत सगळंच स्वस्त असतं, तेव्हा थोडं कमी करून घ्या. तरी मुद्दा खरा आहे.

खर्च का वाढतो हे समजून घ्यायचं असेल तर टायरचं काम मागून घ्या. नव्या माणसाला तसंही तेच मिळतं. सरावातून गाडी आत आली की टायर गार व्हायच्या आत पायरोमीटरची (तापमान मोजायच्या यंत्राची) सुई रबरात खुपसायची, प्रत्येक टायरला तीन ठिकाणी: आतली कड, मध्य, बाहेरची कड. एकाने आकडा ओरडायचा, दुसऱ्याने लिहायचा. मध्य दोन्ही कडांपेक्षा जास्त तापला असेल तर हवा जास्त आहे. एकच कड जळत असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा तिरपेपणा, तपासा. मग टेप घेऊन परीघ मोजायचा. ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, गाडी कायम डावीकडे वळते, म्हणून उजवा मागचा टायर डाव्यापेक्षा मोठा ठेवतात. त्या फरकाला स्टॅगर म्हणतात आणि कोपऱ्यात गाडी वळेल की नाक सरळ भिंतीकडे धरेल, हे बरंचसं त्यावर ठरतं. एकाच कारखान्याच्या एकाच मापाच्या टायरांतही परीघ थोडा इकडेतिकडे निघतो. पैसेवाली टीम ढिगातून जोड्या जुळवून ठेवते. आम्ही मिळतील त्यांना हवेच्या प्रेशरने खेळवत बसतो.

खरी मेख मात्र पुढे आहे. एकदा चांगला तापून गार झालेला टायर पुन्हा तसा पकड धरत नाही. नवे टायर घातलेला पुढच्या रांगेतून सुटतो, गेल्या आठवड्याचे टायर घातलेला मागे राहतो, आणि मागे राहिलेला गर्दीत ठोकूनही घेतो. त्यामुळे ज्याला परवडत नाही तोही नवे घेतो. ट्रॅकवाल्यांनी टायरांच्या संख्येवर मर्यादा घातली, ती याचसाठी. माझ्या मते एवढा एक नियम नसता तर निम्म्या टीम कधीच घरी बसल्या असत्या.

शॉक ॲब्सॉर्बरचा खर्च याहून बेरकी. कोपऱ्यात नाक जमिनीला चिकटवून धरायचं तंत्र मोठ्या टीमकडून खाली झिरपलं आणि त्यामागोमाग शॉक तपासायचं यंत्र (शॉक डायनो), शॉक किती दबेल ते अडवणारे बंप स्टॉप, टेस्टसाठी ट्रॅकचं भाडं, सगळं आलं. नियमात बसतं आणि स्टॉपवॉचवर दिसतं, मग सोडणार कोण? इंजिनाच्या बाबतीत कारखान्यातून सील होऊन येणाऱ्या क्रेट इंजिनांनी काही वर्गांत थोडा दिलासा दिलाय.

बक्षीस का वाढत नाही? ट्रॅकच्या मालकाला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्याच्याही वहीत डोकावून बघा. विम्याचा हप्ता, दिव्यांचं बिल, अँब्युलन्स, सुरक्षेची माणसं. तिकीट फार वाढवलं तर कुटुंबं येत नाहीत. उरतो तो बॅक गेट, म्हणजे आम्ही विकत घेतो ते पिटचे पास. ज्या रात्री स्टँड रिकामे आणि पिट भरलेलं असतं, त्या रात्री आमच्याच पैशातून आमची बक्षिसं निघतात. जमिनीला भाव आला की हा सगळा खटाटोप कशाला, असं मालकाला वाटणारच. मर्टल बीच स्पीडवे १९५८ पासून चालू होता; २०२० मध्ये बंद झाला.

सगळीकडे अंधार नाही. डेल अर्नहार्ट ज्युनिअर, केविन हार्विक, जेफ बर्टन आणि जस्टिन मार्क्स या नॅस्कारमधल्या चौघांनी २०२३ च्या सुरुवातीला कार्स टूर ही लेट मॉडेलच्या शर्यतींची मालिका विकत घेतली आणि लेट मॉडेलवाल्यांना बऱ्या पैशाच्या शर्यती मिळू लागल्या. पण तिथे प्रवास आला, मुक्काम आला, आणि समोर पगारी माणसं ठेवणाऱ्या टीम आल्या. बक्षीस वाढलं तसा खर्चही तेवढाच पुढे सरकला.

वरच्या मजल्यावरही गोष्ट तीच, शून्य तेवढे जास्त. २०१५ पर्यंत कप, म्हणजे नॅस्कारच्या सर्वात वरच्या मालिकेतल्या, शर्यतीनंतर कुणाला किती मिळाले ते छापून यायचं. जोई लोगानोने त्या वर्षीची डेटोना ५०० ही तिथली सर्वात मोठी शर्यत जिंकली तेव्हा त्याच्या नावापुढे १५ लाख डॉलरहून जास्त लागले होते. २०१६ ला ३६ चार्टर (टीमला दर शर्यतीत जागेची आणि पैशाच्या हिश्शाची हमी देणारे परवाने) आले, शर्यतीतल्या गाड्या ४३ वरून ४० वर आल्या आणि ज्याचे-त्याचे आकडे जाहीर होणं थांबलं. आता डेटोनाची एकूण रक्कम सांगतात. २०२५ ला ती ३ कोटी डॉलरच्या वर होती. पण त्यात चार्टरचे हप्तेही धरलेले असतात, त्यामुळे तळाच्या ओळीत काय पडलं हे बाहेरच्याला कळत नाही.

त्या तळाच्या ओळीने पूर्वी काय घडवलं होतं ते बघा. २००८ च्या मंदीनंतर काही छोट्या टीम क्वालिफाय व्हायच्या, थोड्या फेऱ्या मारायच्या आणि ब्रेक गेले किंवा गाडी थरथरतेय असं कारण देऊन गाडी आत घ्यायच्या. टायरांचे सेट नकोत, पिट क्रू नको. शेवटच्या नंबरचे पैसे घेऊन घरी. लोक हसायचे. मला ती टीम हुशार वाटते, कारण तक्ता नीट वाचला होता तो तिनेच.

मोठ्या मालकांचीही रड तीच आहे. मायकेल जॉर्डन सहमालक असलेली २३एक्सआय रेसिंग आणि फ्रंट रो मोटरस्पोर्ट्स यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये नॅस्कारवर मक्तेदारीचा खटला भरला. डिसेंबर २०२५ मध्ये शार्लटच्या कोर्टात तो चालू असतानाच तडजोड झाली आणि चार्टर कायमचे झाले. २०२५ पासून सात वर्षांचा ७७० कोटी डॉलरचा टीव्ही करार असूनही टीमचं भागत नाही, हे तिथल्या भांडणाचं मूळ.

तुमच्या नोकरीशी याचा थेट संबंध आहे. २०२२ ला आलेल्या नेक्स्ट जेन गाडीचे बरेचसे भाग ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यावे लागतात. पूर्वी प्रत्येक शॉपमध्ये पत्रा ठोकणारी, वेल्डिंग करणारी फौज असायची, ती आटली. सिम्युलेशन, डेटा, विंड टनेलच्या आकड्यांतून अर्थ काढणं, ही कामं राहिली. आणि खर्चाचा अंदाज बांधता येणारा इंजिनिअर तर सगळ्यांनाच हवा असतो. तुमच्या युनिव्हर्सिटीतल्या लॅबला ज्याचं नाव आहे तो ॲलन कुलविकी स्वतः इंजिनिअर, गाडीचा मालकही तोच, चालवणाराही तोच. १९९२ च्या कप सीझनच्या शेवटच्या शर्यतीत सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहण्याचा गुणांचा बोनस मिळवायला पिटमध्ये कधी यायचं, याचं गणित त्याच्या टीमने मांडलं. तो १०३ फेऱ्या पुढे राहिला, बिल एलियट १०२. शर्यत एलियटने जिंकली, विजेतेपद १० गुणांनी कुलविकीकडे गेलं.

टीम निवडताना पैशाचं विचारायला लाजू नका. गाडी कोणाची आणि त्याचा धंदा काय? आमचा मालक एसी बसवायचं काम करतो. उन्हाळा कडक गेला की ऑगस्टमध्ये नवे टायर येतात, पाऊस लागून राहिला की जुन्यांवर भागवतो. हा हवामानखात्याशी असलेला संबंध कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. दुसरं, ड्रायव्हर पैसे घेतो की देतो? सोळा-सतरा वर्षांचं पोर आणि मागे चेकबुक घेऊन वडील, असं दृश्य दिसलं तर नाक मुरडू नका. लेट मॉडेलमध्ये इंजिनिअरला रीतसर पगार मिळण्याची शक्यता तिथेच असते, कारण सीटचं भाडं बक्षिसावर अवलंबून नसतं. बक्षिसातून हिस्सा देतो असं सांगणाऱ्याला हसून नमस्कार करा.

व्हिसाचं तर आणखी काटेकोर. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना बक्षिसाच्या खिडकीवरून मिळालेल्या रकमेतले वीस डॉलरही कुणी हातावर ठेवले तरी घेऊ नका, आणि फुकट मदतीलाही जाण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसात विचारून घ्या. स्टेम ओपीटीच्या (विज्ञान-इंजिनिअरिंगवाल्यांना शिक्षणानंतर काम करायला मिळणाऱ्या वाढीव मुदतीच्या) २४ महिन्यांसाठी मालक ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी यंत्रणेत नोंदलेला लागतो. घरामागच्या शेडमध्ये चालणारी टीम तिथे नसणार. म्हणजे शनिवारची टीम शिकण्यासाठी आणि ओळखींसाठी, पोटासाठी नव्हे. ओळखी मात्र खऱ्या असतात. आठवडाभर मोठ्या शॉपमध्ये काम करणारी माणसं शनिवारी भावाच्या किंवा मित्राच्या गाडीचे नट आवळायला येतात, आणि तुम्ही टायरचे आकडे नीट लिहिता की नाही हे त्यांना बरोबर दिसतं.

सीझन मार्चच्या सुमारास सुरू होतो, पण तेव्हा जाऊ नका. त्या गडबडीत तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो. जानेवारीत, आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी शॉपवर जा. गाडी उघडून ठेवलेली असते, माणसं निवांत असतात. पूर्ण पँट, जाड बूट, खिशात छोटी वही आणि पेन्सिल. फोनमध्ये टिपून घेऊ म्हणाल तर ग्रीसच्या हाताला स्क्रीन दाद देत नाही.