जुनी रिकम्बंट फ्रेम खडीच्या रस्त्यासाठी तयार करताना

साध्या सायकलवर खड्डा दिसला की आपण सीटवरून उठतो आणि धक्का गुडघ्यांवर घेतो. रिकम्बंटवर, म्हणजे मागे रेलून चालवायच्या सायकलवर, पाठ टेकलेली आणि पाय पुढे असतात, त्यामुळे उठता येतच नाही. तो धक्का टायरलाच झेलावा लागतो. म्हणून जुनी फ्रेम बघताना वजन, रंग, गिअर हे सगळं नंतर. आधी टायरला जागा किती आहे ते मोजा.

मागच्या नळ्यांमध्ये, टायर जिथे सर्वांत रुंद असतो तिथे, व्हर्निअर कॅलिपर लावा. 47 मिमी टायरसाठी दोन्ही बाजूंना 6-6 मिमी मोकळे धरून 59 मिमी हवेत. याहून कमी असेल तर टायरला चिकटून आलेला खडा आधी रंग आणि मग धातू खरवडतो.

फ्रेम डिस्क ब्रेकची असेल आणि तिला 28 मिमी टायरची 700सी चाकं असतील, तर 650बी चाकं घाला. 700सीच्या 622 मिमी रिमची त्रिज्या 311, त्यात टायरचे 28 मिळवून 339 मिमी. 650बीच्या 584 मिमी रिमची 292 अधिक 47, म्हणजे पुन्हा 339. चाकाची उंची तीच राहिल्यामुळे स्टिअरिंगचा स्वभाव बदलत नाही. रिम ब्रेकच्या फ्रेमवर मात्र पॅड 19 मिमी आत न्यावे लागतात आणि बहुतेक ब्रेक तेवढे पोचत नाहीत. पुढचं चाक 20 इंची असेल तर टायरवर रिमचं माप 406 छापलंय की 451 ते वाचा. 406 मध्ये 50 मिमीचे टायर सहज मिळतात, 451 मध्ये बहुतेक अरुंदच.

तडे शोधायच्या जागा: बूम (पेडल धरणारी, पुढे-मागे सरकणारी नळी) आवळणाऱ्या क्लॅम्पची खाच, आयडलरचा (साखळीला वाट दाखवणाऱ्या चाकाचा) बोल्ट, सीटचे आधार, हेडट्यूबमागचा (फोर्कचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्यामागचा) वेल्ड. फ्रेम पुसून टॉर्च तिरपा धरा. वेल्डच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली तरी ती फ्रेम घेऊ नका. बूम आत-बाहेर सरकवून बघा. वर्षानुवर्षं न हललेली ॲल्युमिनिअमची बूम अडकून बसते आणि मग फ्रेम तुमच्या पायांच्या मापाला लावता येत नाही.

डिस्क ब्रेकची सोय नसलेल्या फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याला) ती वेल्ड करून घेऊ नका. ब्रेक दाबल्यावर सगळा जोर फोर्कच्या डाव्या दांड्याच्या खालच्या भागावर येतो आणि तो भाग त्यासाठी बनवलेला नसतो. फोर्कच बदला, पण ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची (फोर्कच्या वरच्या जोडापर्यंतची) लांबी तीच ठेवा. एक मीटर व्हीलबेसवर (दोन ॲक्सलमधल्या अंतरावर) 10 मिमी लांब फोर्कने हेड अँगल, म्हणजे हेडट्यूबचा कोन, सुमारे अर्धा अंश कमी होतो आणि सीटही तेवढीच मागे कलते.

खरा वेळ साखळीत जातो. पुढचा रुंद टायर बसवून हँडल दोन्हीकडे वळवा: टायर साखळीला लागतो का, आणि बूट घालून पेडल फिरवताना टाच टायरला लागते का? टाच लागत असेल तर क्रँक (पेडलचा दांडा) 170 वरून 155 मिमीवर आणून बघा. मग बूम ठरवा: पेडल सर्वांत लांब असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. साखळी त्यानंतरच तोडा, कारण बूम 1 सेंमी पुढे गेली की साखळी 2 सेंमी जास्त लागते. आखूड व्हीलबेसच्या फ्रेमला साधारण अडीच ते तीन साखळ्या जोडाव्या लागतात. ओढीच्या बाजूचा आयडलर दातांचा आणि सील्ड बेअरिंगचा घ्या. तो बाजूला डुलत असेल तर साखळी उतरणारच. साखळीची प्लास्टिक नळी घासण्याच्या जागेपुरतीच ठेवा, लांब नळीत वाळू साचते.

उभं राहून चढ मारता येत नाही, म्हणून गिअर खूप हलका हवा. पुढे 30 दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे 46 दातांचं सर्वांत मोठं चक्र असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 1.4 मीटर जाते, एवढं पुरतं. डिरेलर (मागे गिअर बदलणारा भाग) साखळी ताणून धरणाऱ्या क्लचवालाच घ्या, नाहीतर एवढी लांब साखळी आपटत राहते. मागची गिअर केबल साध्या मापाची पुरत नाही, टँडमची (दोघांच्या सायकलची) मागा.

शेवटी दोन वजनकाटे घ्या, एकेक चाकाखाली ठेवा आणि सायकलवर बसा. पुढे 40 टक्क्यांहून बरंच कमी वजन आलं तर सुट्या खडीत पुढचं चाक घसरेल; सीटची पाठ थोडी उभी करा. टायरमध्ये 35 पीएसआयपासून सुरुवात करून दोन-दोनने उतरवत जा, रिम खड्ड्यात आपटली की दोन वाढवा. बूमवर क्लॅम्पच्या कडेला पेनने रेघ मारून ठेवा. खडीवर बूम हळूहळू पिळली जाते आणि गुडघा दुखायला लागेपर्यंत ते कळत नाही.