निवृत्तीनंतर दवाखान्याचा खर्च : सोलापूरकरांनी सरकारी कवच कसं मिळवायचं

गिरणी, टॉवेलचा कारखाना, विडी कारखाना, एमआयडीसीतलं वर्कशॉप. सोलापुरात अशा ठिकाणी आयुष्य घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मिळते ती पीएफशी जोडलेली ईपीएस-९५ची पेन्शन. २०१४ साली तिची किमान रक्कम महिना १,००० रुपये ठरली. त्यातून खासगी मेडिक्लेमचा हप्ता भरणं जमत नाही, आणि साठीनंतर तो हप्ता वाढतच जातो. मात्र सरकारी वाटा तीन आहेत आणि एकाच माणसाला त्यातल्या दोन-तीन एकत्रही मिळू शकतात. आजारपण यायच्या आधी कागद जुळलेले असले, की निम्मं काम झालं.

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात होता का?

सगळ्यात आधी हे पाहा, कारण ही वाट लोकांना माहीतच नसते. किमान पाच वर्षं ईएसआयचा विमेदार राहून जो वयोमानाने निवृत्त झाला किंवा ज्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्याला वर्षाला फक्त १२० रुपये आगाऊ भरून स्वतःसाठी आणि नवरा किंवा बायकोसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. १२० रुपये महिन्याला नव्हे, वर्षाला.

त्यासाठी निवृत्तीचा पुरावा लागतो. कारखाना चालू आहे तोवरच मालकाकडून निवृत्तीची तारीख, विमा क्रमांक आणि नोकरीचा कालावधी लिहिलेला दाखला शिक्का-सहीनिशी घ्या. कारखाना बंद पडल्यावर हा कागद मिळवताना फार दमछाक होते. दाखला, ईएसआय कार्ड, दोघांचे आधार आणि फोटो घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज द्या. पुढच्या वर्षाचे पैसे मुदत संपायच्या आधी भरा.

या सेवेची खरी किंमत रोजच्या औषधांत आहे. बीपी-शुगरच्या गोळ्या, तपासण्या, ओपीडी यांची सोय इथे होते. पुढच्या दोन्ही योजना, आयुष्मान आणि महात्मा फुले, मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यावर उपयोगी पडतात. म्हणून ‘आता आयुष्मान कार्ड मिळालं’ म्हणून ईएसआय सोडू नका. दोन्ही एकत्र चालतात.

सत्तरी ओलांडली असेल तर

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला केंद्राच्या आयुष्मान योजनेचं वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाच्या रंगाचा प्रश्न नाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस होतात. घरात आजी-आजोबा दोघेही सत्तरीच्या पुढचे असतील तर हे ५ लाख दोघांत मिळून आहेत. कुटुंबाला आधीच आयुष्मान कार्ड असेल, तर ज्येष्ठांचे हे ५ लाख त्याहून वेगळे. जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही, पहिल्या दिवसापासून ते धरले जातात. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना असेल, तर मात्र दोन्हींतून एकच निवडावी लागते. तिथे ओपीडी आणि औषधं मिळत असतील तर घाईने बदल करू नका.

कार्ड मोबाइलवरही निघतं. आयुष्मान अ‍ॅपमध्ये लाभार्थी म्हणून लॉगिन करा, सत्तरीवरील नोंदणीचा पर्याय उघडा, राज्य आणि आधार क्रमांक भरा, ई-केवायसी करा, फोटो काढा, घरच्या माणसांची माहिती भरा. कागद म्हणून आधार पुरेसा आहे. कार्डाला पैसे लागत नाहीत. एजंट मागत असेल तर सरळ उठून या.

ई-केवायसीत अडतं ते बोटांच्या ठशांवर. वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या किंवा मागावर काम केलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन ते घेत नाही. तेव्हा ओटीपी, डोळ्यांची बुबुळं किंवा चेहरा, यांपैकी एका पर्यायाने ओळख पटवायला सांगा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. तो नसेल तर आधार केंद्रात आधी ते काम करून घ्या.

साठ ते सत्तरच्या मधले

यांच्यासाठी राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. जुलै २०२४ पासून तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख झालं आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशनकार्डही त्यात आलं. ‘आमचं पांढरं आहे, आम्हाला काही मिळत नाही’ ही समजूत जुळे सोलापुरातल्या पेन्शनर मंडळींत अजून घट्ट आहे. ती सोडा.

पांढऱ्या कार्डाची अडचण वेगळीच असते. बरीच कार्डं ऑनलाइन नोंदलेली नसतात, त्यामुळे बारा अंकी क्रमांक दवाखान्यात सापडत नाही. आपल्या भागाच्या पुरवठा कार्यालयात जाऊन आधार जोडणी आणि ऑनलाइन नोंद करून घ्या. मुलगा पुण्याला राहायला गेला आणि त्याने तिथल्या कार्डात आई-वडिलांची नावं घातली, तर सोलापूरच्या कार्डातून ती निघून जातात. आपलं नाव आज नेमकं कुठल्या कार्डावर आहे, ते एकदा पाहून घ्या.

नावाचा घोळ

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. तेलुगू आणि कन्नड घरांतली नावं आधारवर एका स्पेलिंगने, रेशनकार्डावर दुसऱ्याने आणि पीएफच्या कागदावर तिसऱ्याने लिहिलेली असतात. बायकांच्या बाबतीत माहेरचं-सासरचं नाव असा आणखी एक फरक पडतो. आधार हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा.

जन्मतारखेकडे खास लक्ष द्या. आधार काढताना अंदाजे सांगितलेली तारीखच वय वंदनासाठी धरली जाते. प्रत्यक्षात पंचाहत्तरीची आजी कागदावर सदुसष्टची असेल तर कार्ड निघत नाही. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून जन्मदाखल्यासारखा पक्का पुरावा हातात आल्याशिवाय ती संधी घालवू नका. ऑक्टोबर २०२५ पासून नाव, पत्ता, तारीख यांच्या दुरुस्तीचं शुल्क ७५ रुपये आहे.

दवाखान्यात गेल्यावर

बिलिंगच्या खिडकीवर नव्हे, आधी आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा. रुग्णांना मदत करणारा हा योजनेचा माणूस योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात असतो. ‘माझा हा उपचार या दवाखान्यात योजनेत बसतो का?’ असा नेमका प्रश्न विचारा. दवाखाना यादीत असला तरी त्यातला प्रत्येक विभाग असतोच असं नाही, आणि काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. तशी शस्त्रक्रिया असेल तर सिव्हिलमध्येच जावं लागेल.

ठरलेल्या शस्त्रक्रियेला पूर्वमंजुरी लागते. मंजुरी यायच्या आधी पैसे भरून ऑपरेशन करून घेतलं, तर ते मागून परत मिळतील असं धरू नका. हृदयविकाराचा झटका, अपघात अशा वेळी मात्र कागदांसाठी घरी पळू नका. पेशंटला आधी भरती करा. फोनवरून तातडीची मंजुरी घ्यायची सोय आहे, आरोग्यमित्राला ती घ्यायला सांगा.

मंजुरी मिळूनही डिपॉझिट मागितलं किंवा औषधं बाहेरून आणायला लावली, तर प्रत्येक पावती जपून ठेवा आणि पेशंट आत असतानाच तक्रार करा. महात्मा फुले योजनेसाठी १५५३८८, आयुष्मानसाठी १४५५५. तक्रार क्रमांक लिहून घ्या. डिस्चार्जनंतरची ठरावीक दिवसांची औषधंही पॅकेजमध्ये धरलेली असतात. ती हातात घेऊनच घरी निघा.