युरोव्हिजनचे गाणे कसे जोखावे

युरोव्हिजन या, मुख्यतः युरोपातील देशांमधल्या वार्षिक गीतस्पर्धेची अंतिम फेरी भारतात बसून पाहायची म्हणजे शनिवारची रात्र जागवावी लागते, कारण मध्य युरोपात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. त्यानंतर डोळ्यांवर रोषणाईचा असा मारा होतो की पंचविसावे गाणे संपेपर्यंत पाचवे कसे होते हे आठवत नाही. म्हणून सगळी गाणी आधीच ऐकून ठेवावीत. ती अंतिम फेरीच्या कित्येक आठवडे आधी प्रसिद्ध झालेली असतात.

पहिल्यांदा ऐकताना फोन पालथा ठेवावा. नियमानुसार गाणे तीन मिनिटांपेक्षा मोठे असू शकत नाही, त्यामुळे रचनाकाराचा कस तिसऱ्या मिनिटात लागतो. दोन मिनिटे झाल्यावर पट्टी चढवून तेच धृपद पुन्हा म्हणायचे ही इथली जुनी क्लृप्ती आहे, आणि ती ओळखू आली की चालीत पुढे सांगण्यासारखे काही उरले नव्हते, असे खुशाल समजावे. 1999 पासून भाषेचे बंधन नसल्यामुळे अनेक देश इंग्रजीत गातात. गाणे स्वभाषेत असेल, तर शब्दांचा अर्थ शोधण्याआधी ते शब्द चालीवर कसे बसतात ते ऐकावे.

प्रत्यक्ष सादरीकरणात मुख्य गायकाचा आवाज थेट असावा लागतो. वाद्यवृंद मात्र 1998 नंतर उरला नाही, साथ ध्वनिमुद्रितच असते, आणि 2021 पासून गायकाला मागून साथ देणारे आवाजही ध्वनिमुद्रित चालतात. तेव्हा धृपदाच्या गर्दीत न फसता, साथ विरळ होते अशा कडव्यात गायकाचा दम आणि सूर तपासावा. 2017 मध्ये कीवला पोर्तुगालच्या साल्वादोर सोब्रालने प्रेक्षकांमधल्या छोट्या मंचावर एकट्याने उभे राहून, बहिणीने रचलेले गाणे पोर्तुगीजमध्ये म्हटले. लपायला जागाच नव्हती. 1964 पासून भाग घेणाऱ्या पोर्तुगालला त्याने 758 गुणांसह पहिले विजेतेपद मिळवून दिले.

निकाल वाचताना एकूण गुणांवर न थांबता परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे रकाने वेगवेगळे पाहावेत. 2023 मध्ये स्वीडनच्या लोरीनला परीक्षकांचे 340 आणि प्रेक्षकांचे 243 गुण मिळाले, तर फिनलंडच्या कॅरियाला अनुक्रमे 150 आणि 376; विजेतेपद लोरीनकडे गेले. भाषेने जवळचे असलेले ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना बारा, म्हणजे सर्वाधिक, गुण देतात तेव्हा त्यातून गाण्याबद्दल फारसे काही कळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

स्वतःचा अभिप्राय त्याच रात्री एका ओळीत लिहावा आणि वर्षभराने पुन्हा गाणे ऐकून पडताळावा. 1958 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या इटलीच्या दोमेनिको मोदुन्योच्या गाण्याला पुढच्याच वर्षी ग्रॅमी मिळाले होते. माझ्या 2023 च्या वहीत कॅरियाच्या नावापुढे ‘नुसता आरडाओरडा’ असा शेरा आहे, आणि भांडी घासताना अजूनही तोंडात येते ते त्याचेच फिनिश धृपद, अर्थ न कळता.