पावसाळ्याआधीची बोलणी : मदतकार्यासाठी कंपन्यांशी भागीदारी कशी उभारावी

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्यानंतरच्या दिवसांत राज्यभरातून कपडे, बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन गाड्या येत राहिल्या. घराघरांत आणि दुकानांत मात्र चिखल साचलेला होता. तो काढायला फावडी, घमेली, गमबूट आणि पंप लागत होते, आणि त्यानंतरचे कित्येक महिने बुडालेला धंदा पुन्हा उभा करायला पैसा लागणार होता. देणाऱ्यांच्या मनात खोट नसते; काय हवे आणि ते कधी हवे, हे त्यांच्याशी आधी कोणी बोललेले नसते. म्हणून आपत्तीत काम करू पाहणाऱ्या संस्थेने कंपन्यांशी बोलणी कोरड्या दिवसांत सुरू करावीत.

पहिले काम कागदपत्रांचे. संस्था सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनी असावी, तिच्याकडे प्राप्तिकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी असावी, आणि सीएसआर-१ अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांकही असावा. सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा खर्च. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. ज्या नव्या मंडळाकडे तो नाही, त्याने अनुभवी संस्थेबरोबर जोडीने काम सुरू करणे बरे.

त्यानंतर कंपन्या निवडाव्यात. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. या कलमाच्या कक्षेत येणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि अशा कामांची यादी देणाऱ्या याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आपत्ती व्यवस्थापन, मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणी यांचा समावेश आहे. मुंबईतील मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यातील औद्योगिक वसाहतीपासून सुरुवात करावी. चिपळूणच्या संस्थेला लोटे परशुराम जवळ आहे आणि कोल्हापूरच्या संस्थेला शिरोली, गोकुळ शिरगाव. पूर आला की त्या कारखान्यातील कामगारांचीच घरे पाण्यात जातात, त्यामुळे तिथल्या व्यवस्थापकाला प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

इथे एक भेद लक्षात ठेवावा. कंपनीने वापरायला दिलेला ट्रक, गोदामाची जागा किंवा कर्मचाऱ्यांचा वेळ यांची किंमत काढून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. म्हणून निधीसाठी सीएसआर विभागाकडे जावे आणि पंप, जनरेटर, मेकॅनिक यांच्यासाठी थेट कारखान्याच्या व्यवस्थापकाशी बोलावे. ओतकाम करणाऱ्या कारखान्यातील चार कुशल माणसांनी आठवडाभर गावात बसून शेतीपंपांच्या बुडालेल्या मोटारी दुरुस्त केल्या, तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग धान्याच्या दहा पोत्यांहून जास्त होतो, असे माझे ठाम मत आहे.

वेळेचे गणितही समजून घ्यावे. कंपनीचे आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि संचालक मंडळ वर्षाचा कृती आराखडा मंजूर करते. तो वर्षाच्या मध्येही बदलता येतो, पण त्यासाठी सीएसआर समितीची शिफारस आणि सबळ कारण लागते, आणि पुराच्या आठवड्यात एवढी सवड कोणालाच नसते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत भेट घेऊन पुढच्या वर्षाच्या आराखड्यात आपत्तीसाठी तरतूद करून घ्यावी. पुनर्वसनाचे काम शक्यतो ‘चालू प्रकल्प’ म्हणून मांडावे. तसे केल्यास न खर्चलेली रक्कम कंपनीला वेगळ्या खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते.

प्रस्ताव लिहिताना मोघमपणा टाळावा. आमच्या एका प्रस्तावात आम्ही ‘पूरग्रस्तांना सर्वतोपरी मदत’ असे लिहिले होते. कंपनीच्या लेखाधिकाऱ्यांनी त्या शब्दांखाली पेन्सिलीने ‘म्हणजे किती?’ असे लिहून कागद परत पाठवला, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता. तेव्हापासून आम्ही मदतकार्यासाठीच्या स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांवरून हिशेब मांडतो. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरले, तर ५०० कुटुंबांतील २,५०० माणसांना रोज ३७,५०० लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या चार खेपा. सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक शौचालय धरले, तर ५० शौचालये लागतात. असे आकडे, त्यांचे स्थानिक दर आणि कोणत्या आठवड्यात काय लागेल याचा तक्ता एवढे सगळे दोन पानांत मावते.

त्याच पानांवर संस्थेचा स्वतःचा खर्चही संकोच न करता लिहावा. कार्यकर्त्यांचे मानधन, प्रवास, देखरेख यांवर कात्री लावताना कंपन्या अनेकदा ५ टक्क्यांच्या मर्यादेचा दाखला देतात. प्रत्यक्षात ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चासाठी आहे, प्रकल्पाच्या अंमलबजावणीवरील थेट खर्चासाठी नाही. हे नम्रपणे, नियम दाखवून सांगावे.

करार करताना हप्ते कधी मिळणार, वस्तू कोण खरेदी करणार, लाभार्थी कोण ठरवणार आणि संकटात निर्णय देणारी कंपनीतील एक व्यक्ती कोण, हे लेखी घ्यावे. पहिला हप्ता आपत्ती जाहीर झाल्यापासून ठराविक तासांत मिळेल, असे कलम अवश्य घालावे. प्रसिद्धीचे कलम मात्र सर्वांत काळजीपूर्वक लिहावे. एकदा धान्याचे संच तयार असूनही देणाऱ्या कंपनीचा फलक छापून येईपर्यंत आमचे वाटप दीड दिवस थांबले होते. शाळेच्या वर्गात पोती रचलेली होती आणि बाहेर ओसरीवर माणसे ओल्या कपड्यांत बसलेली होती. तो करार आम्हीच नीट वाचला नव्हता. आता आमच्या करारात स्पष्ट लिहिलेले असते की कोणत्याही कार्यक्रमासाठी वाटप थांबणार नाही आणि संमतीशिवाय कोणाचेही छायाचित्र घेतले जाणार नाही. जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेले प्रायोजकत्व कायद्यानेही सीएसआरमध्ये धरले जात नाही, त्यामुळे हा आग्रह धरताना संस्थेने कचरू नये.

काम सुरू झाल्यावर कंपनीच्या निधीचा हिशेब वेगळा ठेवावा. निधी ठरल्या कामासाठी आणि ठरल्या पद्धतीने वापरला गेला, हे कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावे लागते, म्हणून बिले, वाटपाच्या सह्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र त्याने मागण्यापूर्वीच पाठवावे. जे जमले नाही तेही कळवावे. टँकर पोहोचला नाही, तर कोणत्या वाडीत आणि कोणत्या कारणाने, हे अहवालात यावे, आणि शिल्लक रकमेचा आकडा त्याच पानावर असावा. डिसेंबरमध्ये पुढच्या आराखड्यासाठी त्याच अधिकाऱ्यांसमोर बसताना चर्चा त्या पानावरून सुरू करावी.