टेक कंपनीची मेकॅनिकल मुलाखत: गावाकडच्या पोरापोरींसाठी

"कॉम्प्युटरच्या कंपनीत मेकॅनिकलवाल्याचं काय काम?" असं आमच्या हिंगणघाटकडे अजूनही विचारतात. फोनची बॉडी, लॅपटॉपची बिजागरी, सर्व्हरचं कूलिंग, हे सगळं आपलंच काम. या जागेला बरेचदा 'प्रॉडक्ट डिझाइन इंजिनिअर' म्हणतात. जागा शोधताना हेही नाव टाकून बघा.

साधारणपणे आधी एचआरचा फोन येतो, मग टेक्निकल राऊंड, शेवटी पॅनेल. यासाठी दुसऱ्या वर्षाचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स पक्कं हवं. हमखास येणारा प्रश्न: पट्टी एका टोकाला घट्ट धरली आहे, दुसऱ्या टोकावर भार आहे, जाडी दुप्पट केली तर वाक किती? आठवा हिस्सा, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. मग विचारतात, स्टीलच्या जागी अॅल्युमिनियम घेतलं तर? यंग्ज मॉड्युलस, म्हणजे धातू मुळात किती ताठ आहे त्याचं माप, सुमारे २०० वरून ७० गिगापास्कलवर येतो, म्हणजे वाक जवळपास तिप्पट. तेवढाच ताठपणा ठेवायला जाडी साधारण १.४ पट लागते, आणि तरीही वजन निम्म्यावर येतं. हे गणित तोंडाने बोलत कागदावर मांडायची सवय करा. गप्प बसून काढलेल्या बरोबर उत्तरातून तुमचा विचार त्यांना कळत नाही.

टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, त्याचंही तसंच. ±०.१ मिमीचे चार भाग एकापुढे एक लावले तर वाईटात वाईट ±०.४, सांख्यिकी पद्धतीने, म्हणजे सगळे भाग एकदम टोकाला चुकत नाहीत असं धरून, ±०.२. यातलं कोणतं कधी धरायचं, हे कारणासकट सांगता यायला हवं.

पण खरी मुलाखत तुमच्या प्रोजेक्टवर होते. कॉलेजचा विकत आणलेला प्रोजेक्ट दुसऱ्याच 'का?'ला उघडा पडतो. मी सुट्ट्यांत गावाजवळच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम करायचो, तेच मांडलं. डबल रोलर जिनमध्ये चामड्याचा रोलर रुई धरून स्थिर पात्याखाली ओढतो आणि हलतं पातं सरकी वेगळी पाडतं. पॅनेलने त्यातच खोल नेलं. चामडंच का? पात्यावरचा दाब वाढवला तर काय होईल? घर्षण वाढेल, रोलर तापेल, लवकर झिजेल. झीज कशी मोजाल? यंत्र रोज जवळून पाहिलेलं होतं म्हणून उत्तरं देता आली. तुमच्याकडे मळणी यंत्र असेल, फवारणी पंप असेल; एकच घ्या, पण त्याचा प्रत्येक भाग तसाच का आहे ते शोधा. आपल्या पोरांना हे सांगायला संकोच वाटतो, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. ते अस्सल इंजिनिअरिंग आहे.

इंग्रजी छोट्या वाक्यांत चालतं. मुलाखत ऑनलाइन असेल तर लाइटचा भरवसा धरू नका. लॅपटॉप चार्ज ठेवा, दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असू द्या आणि एचआरचा नंबर कागदावर लिहून ठेवा.