बरणीतली चूक कुंडीतच सुरू होते: हिवाळी भाज्या लावताना आणि आंबवताना या चुका टाळा

आंबवलेल्या मुळ्याची माझी पहिली बरणी बिघडली तेव्हा मी मिठाला दोष दिला. दुसरीही बिघडली तेव्हा एक चकती उजेडात धरून पाहिली. मधोमध कापसासारखी पांढरी जाळी होती आणि बोटाने दाबली की खळगा पडत होता. मुळा कुंडीत गरजेपेक्षा दोन आठवडे जास्त राहिला होता. अशा जून मुळ्यात हवा भरलेली असते, त्यामुळे तो खाऱ्या पाण्यावर तरंगतो. आणि जे पाण्याबाहेर राहिलं त्याला बुरशी लागणारच.

म्हणून मुळा वेळेत उपटा. लहान गोल जाती 25 ते 30 दिवसांत तयार होतात, लांब जातींना दीड-दोन महिने लागतात. अजून थोडा मोठा होऊ दे, हा मोह आवरा.

गाजराला फाटे फुटत असतील तर आधी माती पाहा. खडे, कच्चं शेणखत, उथळ कुंडी यांतलं काहीतरी असतंच. 25-30 सेंटीमीटर खोल, भुसभुशीत माती हवी आणि बी थेट कुंडीतच पेरायचं. रोप उचलून दुसरीकडे लावलं की मूळ दुखावतं आणि वेडंवाकडं वाढतं. उगवायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, तोवर मातीचा वरचा थर सुकू देऊ नका. विरळणी करताना जीव तुटतो, पण दोन रोपांत 5 सेंटीमीटर अंतर ठेवलं नाही तर नुसता पालाच हाती येतो. पाला जोमात आणि मूळ बारीक असेल तर नत्र जास्त झालंय, खत थांबवा.

कोबीचा गड्डा तडकतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी दिलं की आतली पानं वरच्या पानांना फाडतात. तडकलेला गड्डा टाकू नका, त्याच दिवशी चिरून बरणीत घाला.

आता मीठ. इथे अंदाज नको, वजनकाटा हवा. चिरलेल्या कोबीच्या वजनाच्या 2 टक्के, म्हणजे किलोला 20 ग्रॅम मीठ घालून पाणी सुटेपर्यंत चोळा. मुळा-गाजराच्या फोडींसाठी लिटरभर पाण्यात 30 ते 50 ग्रॅम. मीठ कमी पडलं तर भाजी लिबलिबीत होते, फार झालं तर आंबवणारे जिवाणूच मंदावतात. 'चमचाभर' हे माप विसरा, कारण जाड्या आणि बारीक मिठाच्या चमच्यांचं वजन सारखं नसतं. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास येत असेल तर ते उकळून गार करून घ्या.

बरणी गच्च भरू नका, वर तीन-चार बोटं जागा सोडा. भाजीवर कोबीचं एक अख्खं पान दाबून त्यावर स्वच्छ वजन ठेवा, म्हणजे सगळं पाण्याखाली राहील. पहिले काही दिवस वायू सुटतो, म्हणून झाकण रोज क्षणभर सैल करा. 18 ते 22 अंश तापमान उत्तम. त्याहून गरम जागी भाजी भराभर आंबते आणि मऊ पडते.

पाणी गढूळ झालं म्हणून घाबरून बरणी ओतून देणारे बरेच आहेत. गढूळपणा, बुडबुडे, आंबूस वास ही आंबवण चालू असल्याचीच लक्षणं. वर पांढरी, पातळ, सपाट साय आली तर ती यीस्टची असते, ती काढून टाका. लव आलेले हिरवे, काळे किंवा गुलाबी डाग मात्र बुरशीचे. तेवढाच भाग काढून बाकीचं खाऊ नका, अख्खी बरणी टाका. सडका वास आला तर चव घेऊनही पाहू नका.

पाचव्या दिवसापासून स्वच्छ, कोरड्या चमच्याने चव घेत राहा. हवा तेवढा आंबटपणा आला की बरणी फ्रीजमध्ये, आणि तिथेही भाजी पाण्याखालीच.